अरबी समुद्रात १० कोटी टन चमकणारा मासा : कोंबडीखाद्य स्वस्त होणार का?

रंगावलीकाठ

राम राम मंडळी.

नवापूरला माझं लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं, फार्म आहे. मका आपल्या खान्देशात ढिगाने पिकतो, त्याची चिंता नाही. जीव काढतात त्या दोन गोष्टी, सोयापेंड आणि सुकी मासळी (दळली की तिचंच फिशमील). पेंडीचा भाव चढला की मासळीवालाही लगेच भाव वाढवतो, आणि मासळी म्हणून जे पोतं येतं त्यात मासळी किती, मीठ किती आणि किनाऱ्याची वाळू किती हे देव जाणे.

आमच्या पोल्ट्रीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. अरबी समुद्रात म्हणे १० कोटी टन मासा नुसता पडून आहे. बोटाएवढा, अंधारात चमकणारा, नाव बेन्थोसीमा. त्याला कोणी हात लावत नाही. खाली लिहिलंय, "हा मासा निघाला की फिशमील मातीमोल होईल, पेंडीचे सौदे आत्ता करू नका." दोघातिघांनी खरंच सौदे थांबवलेत.

मला आधी थापच वाटली. पण शोधलं तर मासा खरा आहे, आणि आकडाही बऱ्याच ठिकाणी दिसतोय. इथे समुद्राशी संबंध असलेली माणसं आहेत म्हणून विचारतो. आकडा खरा का? खरा असेल तर आजवर कोणी काढला का नाही? आणि चमकणारा मासा पक्ष्यांना घातला तर काही अपाय? फॉस्फरसमुळे चमकतो असं आमच्यातला एक जण छातीठोक सांगतोय.

---

भरीतपार्टी

नाना, हाई मासा शे का ट्यूबलाईट? कोंबडीले खावाडशात ते अंडा बी चमकतीन का? लोडशेडिंगमा कामात येतीन.

---

केळीचा_घड

भरीतपार्टी :-D

पण प्रश्न चांगला आहे. आमच्याकडे रावेरला फिशमीलचा संबंध नाही, तरी वाचतोय. १० कोटी टन म्हणजे नक्की किती हे कोणीतरी समजेल असं सांगा. एवढा मोठा आकडा डोक्यात बसत नाही.

---

खोलपाणी

रंगावलीकाठ दादा, मी मूळची शिरपूरची, सध्या कोचीला मत्स्यविज्ञानात काम करते. जमेल तेवढं सांगते, लांबेल.

मासा खरा आहे. कंदीलमासे म्हणजे मिक्टोफिडी हे एक मोठं कुळ आहे, अडीचशेच्या आसपास जाती. त्यातला बेन्थोसीमा हा एक वंश, जाती फक्त पाच. तुमच्या मेसेजमधली ती बेन्थोसीमा टेरोटम. आल्कॉक नावाचा इंग्रज सर्जन 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावर निसर्गतज्ज्ञ म्हणून होता, त्याने १८९० मध्ये हिचं पहिलं वर्णन छापलं. वंशाचं नाव गूड आणि बीन या दोन अमेरिकनांनी १८९६ मध्ये दिलं. याच वंशातली एक जाती, बेन्थोसीमा ग्लेशियाले, नॉर्वेच्या थंडगार फ्योर्डांत राहते आणि कित्येक वर्षं जगते. आपली अरबी समुद्रातली जेमतेम वर्षभर. उबदार पाणी, भराभर वाढ, अंडी घातली की संपलं.

आता आकडा. नॉर्वेचं 'डॉ. फ्रिट्यॉफ नान्सेन' हे संशोधन जहाज १९७५ पासून उत्तर अरबी समुद्रात फिरलं. ओमानचं आखात, इराण-पाकिस्तानच्या किनाऱ्यापलीकडचं पाणी वगैरे. ध्वनिलहरी खाली सोडायच्या, प्रतिध्वनी किती जोरात येतो ते मोजायचं, जाळं टाकून थोडा नमुना काढायचा आणि त्यावरून अंदाज बांधायचा. त्यातून मधल्या खोलीवरच्या छोट्या माशांचा मिळून १० कोटी टनांच्या आसपासचा आकडा १९८० च्या दशकात छापला गेला. त्यात मोठा वाटा बेन्थोसीमाचा. केळीचा_घड, तुलनेसाठी सांगते, जगातल्या सगळ्या समुद्रांतून सगळे देश मिळून वर्षाला जेवढी मासळी काढतात ती ८-९ कोटी टनांच्या घरात असते. त्यामुळे हा आकडा वाचून माणसाच्या तोंडाला पाणी सुटणं साहजिक आहे.

पण तो वजनकाट्यावर तोललेला माल नाही. जाळ्याने मोजलं तर आकडा कमी येतो, कारण हे मासे जाळं येताना ओळखून बाजूला होतात आणि बारीक असल्याने जाळीच्या डोळ्यांतून निसटतातही. आवाजाने मोजलं तर जास्त येण्याची भीती, कारण पोटात वायूचा फुगा असलेला दुसरा कुठलाही प्राणी, अगदी जेलीफिशच्या नात्यातले सायफोनोफोरसुद्धा, माशासारखाच प्रतिध्वनी देतात. सगळ्या जगातल्या अशा माशांचा जुना अंदाज १०० कोटी टन होता. २०१० मध्ये निघालेल्या स्पेनच्या मालास्पिना मोहिमेच्या नोंदींवरून २०१४ मध्ये काढलेला अंदाज त्याच्या दहापट निघाला. एकाच गोष्टीच्या दोन मोजमापांत दहापट फरक! यावर विसंबून मी तरी पेंडीचा सौदा सोडणार नाही.

---

सोनार_निवृत्त

खोलपाणी ताईंनी आवाजाचा विषय काढला म्हणून लिहितो. मी अमळनेर तालुक्यातला, नौदलात होतो, आता घरी शेती बघतो. (नावातलं सोनार म्हणजे सोन्याचं नव्हे, पाण्याखालचं. गावात सगळे दागिने घडवून मागतात.)

आमच्या वेळी इको साउंडरला, म्हणजे आवाजाने खोली मोजणाऱ्या यंत्राला, कागदाची गुंडाळी असायची. सुई कागद जाळत जायची, त्याचा एक उग्र वास केबिनभर. नकाशावर खोली दोन-अडीच हजार मीटर, आणि कागदावर तीनशे मीटरला ठसठशीत काळा पट्टा. नवीन पोरगा असला की घाबरून जायचा. दुपारभर पट्टा तिथेच. सूर्य कलायला लागला की तो पट्टा वर चढायला सुरुवात करायचा, तिरपा, एकसारखा, तास-दीड तासात जवळजवळ पृष्ठभागाला भिडायचा. पहाटे परत खाली. समुद्राचा तळ रोज संध्याकाळी वर येतोय असं वाटावं.

आम्हाला प्रशिक्षणात याचा इतिहास शिकवला होता. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ पाणबुडीशोधाची चाचणी करणाऱ्या अमेरिकनांना हा खोटा तळ पहिल्यांदा दिसला. पट्टा रात्री वर जातो म्हणजे ती जिवंत वस्तू आहे, हे जॉन्सन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये दाखवलं. पाणबुडीवाल्यांना या थराची कामापुरती माहिती ठेवावी लागते, त्यापुढे मी बोलणार नाही.

एक गोष्ट मात्र स्वतः पाहिलेली. पौर्णिमेच्या आसपास पट्टा पूर्ण वर यायचा नाही, खालीच अडखळायचा.

---

खोलपाणी

काका, काय सुंदर लिहिलंत! पौर्णिमेचं अगदी बरोबर. चंद्रप्रकाशात वर आलं तर माकूळ (स्क्विड) आणि कुप्यांना (टुना) ते दिसतात, म्हणून थोडे खाली थांबतात.

तो पट्टा म्हणजे हेच मासे, सोबत कोळंबीसारखे जीव. कंदीलमाशाच्या पोटात हवेचा फुगा असतो, तोच आवाज परतवतो. दिवसा दोनशे-तीनशे मीटरच्या आसपास, रात्री वर येऊन कोपेपॉडसारखे बारीक प्राणी खायचे, उजाडायच्या आत पुन्हा खाली.

आपल्या अरबी समुद्रात याला आणखी एक पैलू आहे. साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतच्या पाण्यात इथे प्राणवायू जवळजवळ नसतोच. जगातल्या अशा सर्वात मोठ्या पट्ट्यांपैकी हा एक. बहुतेक मोठ्या शिकारी माशांना तिथे फार वेळ थांबता येत नाही. बेन्थोसीमा दिवसभर तिथे जाऊन बसते.

---

मास्तर_पारोळा

मी शाळेत विज्ञान शिकवतो. प्रकाशाबद्दल कोणीच काही सांगितलं नाही. मुलांना सांगण्यासारखं काही असेल तर लिहा ना. लपायला अंधारात जायचं आणि वर दिवा लावून बसायचं, हे काही पटत नाही. आणि तो फॉस्फरसचा मुद्दा?

---

खोलपाणी

मास्तर, उजेड लपण्यासाठीच आहे!

तीनशे मीटरवर दुपारी पूर्ण काळोख नसतो, वरून अगदी मंद निळसर उजेड झिरपत असतो. खालून वर बघणाऱ्या शिकाऱ्याला त्या उजेडावर माशाची काळी आकृती दिसते. कंदीलमाशाच्या पोटावर आणि बाजूंना ओळीने ठिपके असतात, ते म्हणजे प्रकाशावयव. वरून जेवढा उजेड येतोय जवळपास तेवढाच तो पोटाखाली पाडतो, रंगही तसाच निळा. आकृती पुसली जाते. ढग आला आणि वरचा उजेड कमी झाला की हाही आपला दिवा मंद करतो.

कोचीला आमच्याकडे जाळ्यातून आलेला मासा हातात घेतला की बहुतेक खवलं गळून गेलेली असतात, इतका तो नाजूक. डोळे डोक्याच्या मानाने अवाढव्य. भिंगाखाली धरला तर प्रत्येक ठिपका म्हणजे एक छोटा कप दिसतो. आत प्रकाश पाडणाऱ्या पेशी, मागे चकचकीत परावर्तक थर, आणि पुढे खवल्याचाच जाड झालेला भाग भिंग म्हणून. ठिपक्यांची मांडणी प्रत्येक जातीची वेगळी, आम्ही जात ओळखतो ती ठिपके मोजूनच. बेन्थोसीमात नर-मादीही शेपटीवरून कळतात: शेपटीच्या देठावर नराची प्रकाशग्रंथी वरच्या अंगाला, मादीची खालच्या अंगाला. ही ग्रंथी मात्र पोटावरच्या दिव्यासारखी मंद नसते, ती झपकन चमकते.

फॉस्फरसचा काही संबंध नाही. सीलेंटेराझीन नावाचं रसायन, एक विकर आणि प्राणवायू एकत्र आले की प्रकाश पडतो, उष्णता जवळजवळ शून्य. काजव्याचीही तऱ्हा अशीच, फक्त रसायन वेगळं. मासा मेला, सुकला, दळला की हे सगळं संपलं. दादांच्या कोंबड्यांना त्यातून काही होणार नाही. फिशमीलमध्ये फॉस्फरस असतो तो हाडांतला, आणि तो तर अंड्यावरच्या कोंबडीला लागतोच.

---

तापीमाई

आमच्या प्रकाशाच्या संगमावर किंवा उकईच्या फुगवट्यात असा मासा मिळतो का कधी? आमच्या गावातले जाळेवाले रात्री पाण्यात चमक दिसते म्हणतात. (प्रकाशा म्हणजे आमचं गाव हो, वरचा प्रकाश नव्हे.)

---

खोलपाणी

नाही ताई. गोड्या पाण्यात स्वतः प्रकाश पाडणारा मासा जगात कुठेच माहीत नाही. गोड्या पाण्यात प्रकाश पाडणारं जवळजवळ एकच नाव सांगतात, न्यूझीलंडमधली लाटिया ही गोगलगायीच्या जातीतली. उकईत दिसते ती चमक बॅटरीच्या उजेडात खवल्यांची असेल.

---

रंगावलीकाठ

सगळ्यांचे आभार, ज्ञानात भर पडली. पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. अगदी आकड्यातला दहावा हिस्सा खरा धरला तरी १ कोटी टन होतो की. मग काढत का नाहीत?

---

खोलपाणी

काढून बघितलंय दादा, एकदा नाही, अनेकदा.

दक्षिण आफ्रिकेत कंदीलमाशांतलीच दुसरी एक जाती फिशमीलसाठी धरत होते. १९७३ मध्ये ४२ हजार टनांच्या पुढे माल निघाला. तेलाचं प्रमाण इतकं की कारखान्यात यंत्रं तुंबायची, १९८० च्या दशकात ते बंद पडलं. इराणने ओमानच्या आखातात खास बेन्थोसीमासाठी ट्रॉलर उतरवले, तिथे तर हा मासा जगात सर्वात दाट. तरीही तुमच्या बाजारापर्यंत त्याचं पोतं आलेलं नाही, यावरूनच काय ते समजा.

अडचण अशी. एक मासा साधारण एक ग्रॅमचा, किलोला हजाराच्या आसपास. दिवसा थोडा दाट असतो पण खोल, रात्री वर येतो पण पांगतो. बारीक डोळ्यांचं मोठं जाळं ओढायचं म्हणजे पाण्याचा विरोध प्रचंड, डिझेल त्याच प्रमाणात. डेकवर आला की उष्णतेत काही तासांत विरघळायला लागतो, म्हणजे बोटीवरच दळणयंत्र पाहिजे नाहीतर बर्फ. आणि ओल्या चार-पाच किलोंचं एक किलो फिशमील. हा सगळा खर्च त्या एका किलोवर चढवा आणि मग सोयापेंडीशी तुलना करा.

भारतात 'सागर संपदा' या सरकारी संशोधन जहाजाने यांचे नमुने बरेच काढलेत. केरळात कोल्लमकडे खोल पाण्यातल्या कोळंबीच्या जाळ्यात कंदीलमासे येतातही, पण ते कोळंबीसोबत आलेले, खास त्यांच्यासाठी कोणी जात नाही.

---

केळीचा_घड

म्हणजे तंत्रज्ञान सुधारलं, डिझेल परवडलं, की निघेल. मग मेसेज अगदीच खोटा नाही ना? आज ना उद्या कोणीतरी काढणारच. केळीचं खोड आम्ही फेकायचो, आता त्याचा धागा काढतात.

---

खोलपाणी

काढू शकतील. पण माझं मत विचाराल तर काढू नये, निदान आत्ता नाही. खोड कापलं तरी पिलं तिथेच असतात. इथे तसं नाही. मासा वर्षभरच जगतो, म्हणजे हातात दरवर्षी नवी पिढी; एक वर्ष अंडी कमी झाली तर पुढच्या वर्षी शिल्लक काही नाही. कुपा, माकूळ, डॉल्फिन यांचं पोट यावर चालतं. मुंबई-वेरावळच्या बोटी जो महाग माल आणतात त्यातल्या बऱ्याच माशांचं खाणं हेच.

शिवाय हे मासे रात्री वर खातात आणि दिवसा खाली जाऊन विष्ठा टाकतात. पृष्ठभागावरचा कर्ब असा रोज काही शे मीटर खाली जातो. किती, यावर अजून मोजणी चालू आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१६ मध्ये नियमच केला की जे बारीक मासे आत्तापर्यंत धरले जात नाहीत त्यांची नवी मासेमारी सुरू करायची नाही, आणि त्यात कंदीलमासेही आले. आपल्याकडे इतका स्पष्ट नियम असता तर मला आवडलं असतं.

---

सोनार_निवृत्त

ताईंशी सहमत. आणि दुसरी बाजू पण सांगतो. किनाऱ्यावरचे कोळी आधीच रडकुंडीला आलेत, त्यांच्या जाळ्यात पूर्वीसारखं काही येत नाही. खोल समुद्रात जायला सरकार सांगतंय, पण जायला मोठी बोट लागते, ती त्यांच्याकडे नाही. हा मासा कधी निघालाच तर मोठ्या जहाजवाल्यांचा. नवापूरला स्वस्त फिशमील यायच्या आधी ते ज्याला जास्त भाव देता येतो त्या कोळंबीच्या तलावांकडे जाईल.

---

रंगावलीकाठ

काका, हे मात्र पटलं. कोळंबीवाला आमच्या दुप्पट भाव देतो, आत्तासुद्धा चांगलं फिशमील तिकडेच जातं. आमच्याकडे उरलंसुरलं.

२००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा आमच्याच नवापूरला निघाला. तेव्हापासून असल्या मेसेजवर इथली माणसं फार पटकन हलतात. कोणी म्हटलं विका की विकतात, कोणी म्हटलं थांबा की थांबतात. ग्रुपवर या धाग्याची लिंक टाकतोय.

एक शेवटचं. आज गोदामात सुक्या मासळीचं एक पोतं उकललं. त्यात चांदीच्या रंगाचे, चपटे, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे मासे बरेच आहेत. तोंड चिमटीत धरून ओढलं तर नळीसारखं पुढे येतं, आणि खालच्या बाजूला वाकतं. हे काय?

---

खोलपाणी

अरे वा! दादा, तुम्ही समुद्रात शोधताय तो उजेड तुमच्या गोदामातच आहे.

हा लिओग्नॅथस किंवा त्याच्या नात्यातला, इंग्रजीत पोनीफिश म्हणतात. तोंड खाली वाकतं म्हणजे लिओग्नॅथसकडचा; वर वाकलं असतं तर सेक्यूटर. हाही प्रकाश पाडतो, पण पद्धत पूर्ण वेगळी. याच्या अन्ननलिकेभोवती एक कडं असतं, त्यात फोटोबॅक्टेरियम लिओग्नॅथी नावाचे जिवाणू वस्ती करून राहतात. उजेड जिवाणूंचा, मासा फक्त झडप उघडझाप करतो. शेजारच्या हवेच्या फुग्याला आतून चांदीसारखा थर असतो, त्यावर आपटून उजेड पोटाच्या अर्धपारदर्शक स्नायूंतून खाली पडतो. बऱ्याच जातींत नराचं कडं मादीपेक्षा मोठं असतं, आणि काही जातींत नर एकत्र चमकून माद्यांना बोलावतात असं मानतात.

बेन्थोसीमा खोल समुद्रातली. हा किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातला, ट्रॉलरच्या जाळ्यात ढिगाने येणारा. खायला फारसा कोणी घेत नाही म्हणून सुकवून खाद्याकडे जातो.

---

भरीतपार्टी

म्हणजे नानान्या कोंबड्या कवयपाईन उजेडच खाई ऱ्हायन्यात!

---

मास्तर_पारोळा

रंगावलीकाठ, त्यातले पाच-सहा अखंड मासे शाळेसाठी बाजूला ठेवाल का? पुढच्या आठवड्यात साक्रीला येतोय, नवापूरपर्यंत येईन.

---

रंगावलीकाठ

या मास्तर, डबाभर काढून ठेवतो. येताना एक काम करा, शाळेच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट असेल तर थोडं आणा. या पोत्यात मीठ किती आहे ते बघून टाकू. वाळू मी पाण्याच्या ग्लासात बघितली, तळाला बोटभर बसली. व्यापाऱ्याला फोन लावला तर म्हणतो, समुद्रातला माल आहे, थोडी वाळू येणारच.

सोयापेंडीचा सौदा आज सकाळी करून टाकला.